गच्चीचं पाणी वेगळं, नळाचं पाणी वेगळं

प्रश्न: पुण्यात आमचा जुना बंगला आहे. प्लॉट ५६० चौरस मीटर, गच्ची साधारण १२० चौरस मीटर. आता वर एक मजला चढवतोय. आर्किटेक्ट म्हणतात, नकाशात रेन वॉटर हार्वेस्टिंग दाखवावंच लागेल. करायचंच आहे तर सगळं पाणी जमिनीत सोडण्याऐवजी फ्लशला आणि वॉशिंग मशीनला वापरावं, असं आम्हाला वाटतं. प्लंबर म्हणतो, खालच्या टाकीतच एकत्र सोडा, फार तर एक व्हॉल्व टाकू. बोअरवाला म्हणतो, गच्चीचा पाइप सरळ बोअरमध्ये द्या. शेजारच्या काकांना त्यांच्या भिंतीला ओल येईल अशी धास्ती आहे, आणि सासूबाईंना डाळ शिजवायला तेच पाणी हवंय. नियम नक्की काय सांगतो? मिळकतकरात सूट मिळते का?

उत्तर: तुमच्या आर्किटेक्टचं म्हणणं बरोबर आहे. राज्यात २०२० च्या डिसेंबरात एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर झाली. कचेरीत सगळे तिला यूडीसीपीआर म्हणतात. पुणे महापालिकेला ती लागू आहे. मुंबईची नियमावली वेगळी, म्हणून तिकडच्या नातेवाइकांचा सल्ला इथे जसाच्या तसा घेऊ नका. या नियमावलीच्या तेराव्या प्रकरणात पर्जन्यजलाची तरतूद आहे. ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवर नवं बांधकाम, पुनर्बांधणी किंवा वाढीव बांधकाम करताना पावसाचं पाणी साठवण्याची अथवा मुरवण्याची सोय करावी लागते. तुमचा वरचा मजला वाढीव बांधकामात मोडतो, म्हणून बंगला जुना असला तरी नियम लागतो. प्लॉट ४५० चौरस मीटर असता तर सक्ती नव्हती.

या तरतुदीचं पुढचं वाक्य लोक वाचत नाहीत. ही सोय मालकानं सदासर्वकाळ चालू स्थितीत ठेवायची आहे. ती केली नाही किंवा बंद पडू दिली, तर दर १०० चौरस मीटर बांधकामामागे वर्षाला १,००० रुपयांपर्यंत आकार लावण्याचा अधिकार महापालिकेला आहे. दोन्ही मजले धरून तुमचं बांधकाम २४० चौरस मीटर झालं, तर ही रक्कम वर्षाला जास्तीत जास्त २,४०० रुपयांच्या आसपास जाते. रक्कम छोटी आहे, पण तेवढ्यावरून विषय सोडू नका. मंजूर नकाशात दाखवलेली गोष्ट जागेवर नसेल तर भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी अडायला होतं.

पाणी मुरवायचं की वापरायचं, हे नियमानं तुमच्यावर सोडलंय. उघडी विहीर, बोअरभोवतीचा खड्डा, साठवण टाकी, मुरवण्याचे खड्डे आणि चर हे सगळे पर्याय त्यात आहेत. साठवण टाकी घराभोवतीच्या मोकळ्या जागेत, म्हणजे साइड मार्जिनमध्येही चालते. तिला हवा खेळती राहील असं झाकण, पाणी काढायला नळ आणि ओव्हरफ्लो हवा. पाणी घरकामाला, धुण्याला, बागेला आणि अशाच इतर कामांना वापरायचं, असं नियमच म्हणतो. तेव्हा तुमची कल्पना नियमाच्या आतलीच आहे. फक्त नकाशावर ‘रे.वॉ.हा.’ असं एक वर्तुळ काढून भागवू देऊ नका. टाकीचं माप, ओव्हरफ्लो कुठे जातो, मुरवण्याचा खड्डा कुठे आणि किती खोल, हे आर्किटेक्टकडून काढून घ्या. पुढे पाहणीला कोणी आलं तर तोच कागद दाखवावा लागतो.

आता टाकी केवढी, ते पाहू. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. १२० चौरस मीटर गच्चीवर त्याचे ८४,००० लिटर होतात. गच्चीत जिरलेलं, उडून गेलेलं आणि मुद्दाम सोडून दिलेलं वजा करून ८० टक्के हाती येतं असं धरा, म्हणजे सुमारे ६७,००० लिटर. आकडा मोठा वाटतो, आणि इथेच बहुतेकांची गफलत होते. हे सगळं साठवून उन्हाळ्यात वापरू म्हणून २०,००० लिटरची टाकी बांधतात. ती पावसाळ्यात महिनोन्‌महिने भरलेली राहते आणि दिवाळीनंतर काही आठवड्यांत रिकामी होते. पैसा जातो, अंगणही जातं.

टाकी रोजच्या गरजेवर ठरवा. फ्लशसाठी माणशी ४५ लिटर हा भारतीय मानकातला आकडा धरला तर घरातल्या चार माणसांना १८० लिटर लागतात. वॉशिंग मशीनचे ८० लिटर धरले की रोजचे २६० झाले. ५,००० लिटरची टाकी एकदा भरली की १९ दिवस पुरते. जून ते सप्टेंबर पावसात एवढी सलग उघडीप क्वचितच पडते, म्हणजे पावसाळाभर या दोन कामांना नळाचं पाणी जवळजवळ लागणार नाही. १२० दिवसांत ३१,००० लिटर असेच वापरले जातात. उरलेलं ओव्हरफ्लोनं मुरवण्याच्या खड्ड्यात जाऊ द्या. २० मिलिमीटरची एक चांगली सर तुमच्या गच्चीवरून १,९०० लिटर देते. अशा तीन सरींत टाकी भरते.

टाकी जमिनीखाली असेल तर आरसीसीचीच करा. आतून २ मीटर बाय २ मीटर, पाण्याची खोली सव्वा मीटर आणि वर ३० सेंटिमीटर मोकळं, म्हणजे ५,००० लिटर बसतात. पुण्यातल्या काळ्या मातीत प्लास्टिकची टाकी पुरली तर एक धोका असतो. पावसानं भोवतीची माती चिंब होते आणि नेमकी तेव्हा टाकी रिकामी असली, तर खालचं पाणी तिला वर उचलतं. ५,००० लिटरच्या टाकीवर हा रेटा पाच टनांच्या घरात जातो. टाकी तिरकी होते, पाइपांचे सांधे तुटतात. प्लास्टिकच हवं असेल तर ती जमिनीच्या वर ठेवा.

गच्चीवरून उतरणाऱ्या पाइपांबद्दल नियम स्पष्ट आहे: १०० चौरस मीटरला १०० मिलिमीटरचे किमान दोन. तुम्ही तीन घ्या. प्रत्येकाच्या वाट्याला ४० चौरस मीटर गच्ची येईल. पहिला पाऊस बाजूला काढायची सोयही नियमानं सक्तीची केली आहे, आणि तिच्यावर टाकीतल्या पाण्याचा अख्खा दर्जा अवलंबून असतो. उन्हाळाभर गच्चीवर धूळ, कबुतरांची विष्ठा, कुजलेली पानं साचलेली असतात. सुरुवातीच्या एका मिलिमीटर पावसात त्यातलं बरंच धुऊन जातं. ४० चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे ४० लिटर. एवढं पाणी मावायला १६० मिलिमीटर व्यासाचा सव्वादोन मीटर उभा पाइप लागतो, कारण त्याच्या एका मीटरमध्ये साधारण १८ लिटर बसतात. हा पाइप खाली बंद करून मुख्य पाइपाला टी लावून जोडायचा. आधी हा भरतो, मग पुढचं पाणी टाकीकडे वळतं.

त्याच्या बुडाशी साफ करायला स्क्रूचं झाकण ठेवा आणि त्यात २ ते ३ मिलिमीटरचं एक भोक, म्हणजे पाऊस थांबल्यावर काही तासांत तो आपोआप रिकामा होतो. हे भोक गाळानं बुजणं ही सगळ्यांत नेहमीची बिघाडाची जागा. भोक बुजलं की पाइप भरलेलाच राहतो, पुढच्या पावसातली घाण थेट टाकीत जाते, आणि बाहेरून काहीच कळत नाही. पाऊस थांबल्या-थांबल्या त्या भोकातून पाणी गळतंय का, एवढं पाहत जा. गळत नसेल तर झाकण उघडा. आत हाताला चिकट काळा गाळ लागेल. एप्रिल-मेच्या वळवाच्या सरी मात्र पूर्णपणे बाहेर सोडा. मृग लागेपर्यंत टाकीकडचा व्हॉल्व बंदच ठेवायचा.

गच्ची ब्रिकबॅट कोब्याची किंवा चायना मोझॅकची असेल तर उत्तम. वॉटरप्रूफिंगचा नवा लेप दिला असेल तर पहिले काही पाऊस वाया जाऊ द्या. गच्चीवर कुंड्या असतील तर शेणखताचं तांबूस पाणी त्याच उतारानं येतं. कुंड्यांचा कोपरा वेगळ्या पाइपावर घ्या. सोलर हीटरचा आणि वरच्या टाकीचा ड्रेनही या पाइपात नको.

टाकीत येणारा पाइप बुडापर्यंत नेऊन त्याचं तोंड वर वळवा, म्हणजे तळाचा गाळ ढवळला जात नाही. पंपाचा फुटव्हॉल्व, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी असलेली झडप, तळापासून १५ सेंटिमीटर वर. ओव्हरफ्लो आत येणाऱ्या पाइपाइतका मोठा हवा. तीन पाइप एकत्र येऊन १५० मिलिमीटरचा झाला असेल तर ओव्हरफ्लोही १५० चाच. तिथे ७५ चा पाइप टाकला की मोठ्या सरीत पाणी झाकणातून उसळतं आणि जोत्याशी साचतं. ओव्हरफ्लो ड्रेनेजच्या चेंबरला जोडू देऊ नका. मुसळधार पावसात चेंबर तुंबलं की मैलापाणी त्याच वाटेनं टाकीत उलटं येतं. त्याची वाट मुरवण्याच्या खड्ड्याकडे आणि तिथून पावसाळी गटाराकडे.

आता प्लंबरचा ‘एकत्र सोडा’. याला ठाम नकार द्या. तुमच्या अख्ख्या पत्रातली सगळ्यांत धोक्याची सूचना हीच आहे.

महापालिकेचं पाणी ठरावीक वेळ येतं. पाणी जातं तेव्हा बाहेरच्या लाइनीतला दाब उतरतो; उतारावर तर लाइन चक्क आत ओढायला लागते. तुमच्या खालच्या टाकीत नळाच्या पाइपाचं तोंड पाण्यात बुडालेलं असेल आणि त्याच टाकीत गच्चीचं पाणी असेल, तर ते पाणी सायफनसारखं लाइनीत खेचलं जातं आणि शेजाऱ्यांच्या पिण्याच्या नळाला येतं. तुमच्या घरातलं पिण्याचं पाणी तर पहिल्याच दिवशी बिघडतं.

‘व्हॉल्व टाकू’ म्हणजे प्लंबर नॉन रिटर्न व्हॉल्व म्हणतो. त्यात एक छोटी झडप असते, ती पाण्याच्या दाबानं बसते. गच्चीच्या पाण्यातला वाळूचा एक कण त्या झडपेखाली अडकला की ती पूर्ण मिटत नाही, आणि व्हॉल्व बाहेरून अगदी शाबूत दिसतो. दोन्ही लाइनींच्या मध्ये बॉल व्हॉल्व लावून ‘पाहिजे तेव्हा फिरवा’ असं सांगणारेही भेटतील. कधीतरी कोणीतरी विसरतंच. पाणी मिसळू न देण्याची खात्रीची सोय एकच: मध्ये हवा असणं.

म्हणून गच्चीवर फ्लश आणि वॉशिंग मशीनसाठी ५०० लिटरची वेगळी टाकी ठेवा. पावसाच्या टाकीतून अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंप फक्त तिलाच पाणी चढवेल. तिच्यातून उतरणारी लाइन सगळ्या फ्लश टँकना आणि मशीनच्या नळाला जाईल, दुसरीकडे कुठेही नाही. हेल्थ फॉसेट, म्हणजे कमोडशेजारचा हाताचा फवारा, मात्र नळाच्या पाण्यावर ठेवा, कारण ते अंगाला लागतं.

पावसाळ्यानंतर या टाकीला नळाचं पाणी लागेल. ते वरच्या मुख्य टाकीतून एका १५ मिलिमीटरच्या नळानं द्या. त्या नळाचं तोंड टाकीच्या ओव्हरफ्लोच्या पातळीपेक्षा पाइपाच्या व्यासाच्या किमान दुप्पट उंच हवं. हिशेबानं ३ सेंटिमीटर होतात; तुम्ही १५ ठेवा, म्हणजे डोळ्यांना दिसेल. पाणी पडताना आवाज होतो म्हणून काही जण तोंडाला नळी लावून ती पाण्यात सोडतात. तशी नळी लावली की मधली हवा गेली आणि सगळी मेहनत फुकट. इथे नुसत्या फ्लोटवरही विसंबू नका. टाकी जराशी उतरली की तो नळाचं पाणी भरत राहील, आणि खाली पावसाची टाकी तुडुंब असूनही तुम्ही महापालिकेचंच पाणी फ्लश करत राहाल. फ्लोटच्या आधी हाताचा कॉक हवा. दिवाळीच्या सुमाराला उघडायचा, पावसाळ्यात पूर्ण बंद.

पावसाच्या लाइनीला वेगळा रंग द्या, आणि पावसाच्या टाकीच्या नळावर ‘पावसाचे पाणी, पिण्यासाठी नाही’ अशी पाटी लावा. त्या नळाला काढता येणारी चावी घ्या. मुलं खेळून आली की ओंजळ धरतातच.

बोअरवाल्यालाही नाही म्हणा. कातळात पाणी भेगांतून धावतं, मातीतून पाझरावं तसं गाळून निघत नाही. सरळ पाइप सोडला तर कबुतरांची घाण बोअरमध्ये जाते आणि त्याच भेगेवर पाणी घेणाऱ्या शेजारच्या बोअरमध्येही. नियमालाही ते मान्य नाही. बोअरभोवती एक मीटर रुंद आणि किमान ३ मीटर खोल खड्डा घेऊन तो खडी-वाळूनं भरायचा आणि गाळलेलं पाणी त्यात सोडायचं, असं त्यात म्हटलंय. जवळपास १५ मीटरच्या आत सेप्टिक टँक किंवा शोषखड्डा असेल, तर बोअरपाशी पाणी मुरवूच नका.

बोअर सोडून वेगळा मुरवण्याचा खड्डा केला, तर त्याचे थर नियमावलीतच आहेत. तळाशी निम्म्या खोलीपर्यंत ४० मिलिमीटरची खडी, त्यावर २० टक्के २० मिलिमीटरची खडी, मग २० टक्के जाड वाळू, तिच्यावर बारीक वाळूचा पातळ थर, आणि वरचे १० टक्के मोकळे. दोन मीटर खोल खड्ड्यात म्हणजे १ मीटर, ४० सेंटिमीटर, ४० सेंटिमीटर आणि वर २० सेंटिमीटर रिकामे. पाणी जिथे पडतं तिथे एक फरशी ठेवा, नाहीतर वाळूत खळगा पडतो. कडेला विटांची भिंत जमिनीच्या वर १५ सेंटिमीटर यावी आणि वर भोकांचा स्लॅब टाकावा. दर उन्हाळ्यात वरची ५ ते १० सेंटिमीटर वाळू खरवडून बदलायची. सगळा गाळ तिथेच अडतो.

खड्डा काळ्या मातीत संपला तर काही उपयोग नाही, तो मुरमापर्यंत न्यावा लागतो. आधी परीक्षा घ्या: मुरूम लागेपर्यंत छोटा खड्डा खणा, त्यात पाणी भरा आणि दुसऱ्या दिवशी पाहा. पाणी तसंच उभं असेल तर तिथे मुरणार नाही, जागा बदला.

काकांची धास्ती रास्त आहे. पाण्याच्या सोयीमुळे आपल्या किंवा शेजारच्या इमारतीच्या भिंतीला, पायाला ओल येता कामा नये, असं नियमच म्हणतो. खड्डा दोन्ही घरांच्या पायापासून ३ मीटर तरी लांब ठेवा, आणि काम सुरू होण्याआधी त्यांच्या भिंतीचे तारखेसह फोटो त्यांच्यासमोरच काढा. जुनी ओल कोणती आणि नवी कोणती, यावरून नंतर वाद होत नाही. नकाशाची एक प्रत त्यांनाही द्या.

सासूबाईंचं निरीक्षण खरं आहे. पावसाचं पाणी मऊ, त्यात चुना नसतो, म्हणून डाळ लवकर शिजते. याच कारणानं मशीनमध्ये साबणही कमी लागेल. निम्म्यानं सुरुवात करून पाहा. पण हे पाणी शक्यतो पिण्याला आणि स्वयंपाकाला वापरू नये, असं नियम सांगतो. अपवादानं वापरायचंच तर नीट गाळणी, पहिला पाऊस सोडण्याची वेगळी वाट आणि निर्जंतुकीकरण हवं. कबुतरांच्या शहरात, रोज क्लोरीन मोजायची तयारी नसताना, आमचा सल्ला नाहीच. टाकीच्या पाण्याला वास येऊ लागला तर हजार लिटरला अडीच ग्रॅम ताजी ब्लिचिंग पावडर, म्हणजे ५,००० लिटरला साडेबारा ग्रॅम, बादलीत कालवून वरचं निवळ पाणी टाकीत ओता आणि तासभर थांबून वापरा.

डासांचं मात्र मनावर घ्या. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला ७ ते १० दिवस पुरतात आणि डेंगीच्या डासाला असंच स्वच्छ साठलेलं पाणी लागतं. पाइपांची सगळी तोंडं डासप्रतिबंधक जाळीनं झाकायची, हे नियमात आहे. हवेच्या वाटेची (व्हेंट) आणि ओव्हरफ्लोची जाळी स्टीलची घ्या; नायलॉनची उन्हानं वर्षभरात फाटते.

मिळकतकराची सूट पुण्यात आहे. सौर, गांडूळखत आणि पर्जन्यजल यांपैकी एक प्रकल्प चालू असेल तर ५ टक्के, दोन किंवा अधिक असतील तर १० टक्के. ती आपोआप मिळत नाही. करआकारणी विभागाकडे अर्ज करावा लागतो, पाहणी होते, आणि पुढे प्रकल्प बंद आढळला की सूट काढून घेतली जाते. खड्डा बुजवायच्या आधी थरांचे फोटो, टाकीचा, जाळीचा, पहिल्या पावसाच्या पाइपाचा फोटो, सामानाची बिलं आणि भोगवटा प्रमाणपत्र एका फाइलीत लावून ठेवा. वाळू बदलली, टाकी धुतली की तारीख त्याच फाइलीत लिहीत जा.

शेवटचा हप्ता देण्याआधी, भिंती बुजवण्याच्याही आधी, प्लंबरला समोर उभं करून दोन गोष्टी तपासा. पावसाच्या ५०० लिटरच्या टाकीचा आउटलेट बंद करा आणि घरातले सगळे नळ उघडा. फक्त फ्लश आणि मशीन कोरडे पडायला हवेत. मग तो उघडून मुख्य टाकीचा बंद करा. आता फ्लश आणि मशीन चालायला हवेत आणि स्वयंपाकघरातल्या नळाला थेंबही यायला नको. शंका राहिली तर पावसाच्या टाकीत चिमूटभर पोटॅशियम परमँगनेट टाका, कमोडमध्ये जांभळं पाणी येईपर्यंत फ्लश करा आणि पिण्याचा प्रत्येक नळ पांढऱ्या भांड्यात धरून पाहा. कुठेही जांभळट झाक दिसली तर भिंत उघडी ठेवा आणि तो सांधा शोधायला लावा.